आजींना थंडी वाजते

बोरगाव मेघे, वर्धा
९ जून २०२४

निशांत,

आशीर्वाद आहेत, पण आज थोडे कमी.

फोन नको, मेल लिही, असं मीच म्हटलं होतं. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो. नाना गेल्यापासून सहा महिने तेच चाललंय. पण मेल लिही म्हणजे घरमालकिणीच्या आजीचं चरित्र लिहून पाठव, असं मी म्हटलं नव्हतं.

तुझं परवाचं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'आजी' अकरा वेळा, 'नाना' एकदा आणि 'ताई' फक्त मायन्यात. आजींना विचारल्याशिवाय वाहांगीबाई घराला रंगसुद्धा देत नाहीत. घराचा ईशान्य कोपरा आजींचा. बाटली उघडली की पहिला घोट आजींचा. (म्हातारी पिते?) आजींचं घर वेगळं, डोंगराच्या उतारावर, पक्क्या दगडाचं, आणि वाहांगीबाईंचं मात्र मातीविटांचं. वा रे वा! नात मातीत आणि आजी दगडी बंगल्यात. त्या घराकडे बोट दाखवायचं तर सरळ नाही, वाकवून दाखवायचं. आपल्याकडे कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती सडते म्हणतात, तसं काही आहे का या बाईचं?

तीन वर्षांपूर्वी तू मादागास्करला गेलास तो सूतगिरणीतली यंत्रं सांभाळायला. खोली भाड्याने घेतलीस, आजी नाही. इथे नाना होते तेव्हा त्यांना कधी विचारलंस, काय करू, कसं करू म्हणून? आणि तिथल्या म्हातारीचा शब्द तू झेलतोस. मला जळायला होतं, आणि मी ते लपवणार नाही. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने लाजावं असं त्यात काही नाही.

मुद्द्याचं. तेरा नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, नानांचं वर्षश्राद्ध. अग्नी मी दिला, कारण तुला रजा नव्हती. आता पाणी तरी तू दे. येणार की नाही, एवढं एका ओळीत कळव.

ताई


आंत्सिराबे
२३ जून २०२४

ती. ताई,

तुझे उरलेले आशीर्वाद पुढच्या पत्रात पाठव, मी जपून वापरीन.

नोव्हेंबरचं बघतो. रजेचा अर्ज आत्तापासून करता येत नाही. रागावू नको.

इकडे आता कडाक्याची थंडी आहे. आपला उन्हाळा तो यांचा हिवाळा. सकाळी गिरणीत जाताना तोंडातून वाफ निघते. माणसांनी ओढायच्या रिक्षा असतात इथे, ते ओढणारे अनवाणी पळतात, मला बघूनच हुडहुडी भरते.

आणि हो, तुझ्या आवडत्या आजींबद्दल. मागच्या आठवड्यात वाहांगीबाई न्याहारीला बसल्या आणि म्हणाल्या, आजींना थंडी वाजते, त्यांनी स्वतः सांगितलं. मग कामाला लागले सगळे. ऑगस्टमध्ये मोठा समारंभ करायचा ठरलाय. गावोगावचे नातेवाईक येणार, बँड लागणार, भात आणि डुकराचं मटण शिजणार, आणि आजींना नवीन कापड पांघरायचं. प्रत्येक घराने आपापलं कापड आणायचं. रेशमी आणतात, पण मनापासून आणलेलं काहीही चालतं. मी भाडेकरू, तरी मलाही त्यात धरलंय. काय द्यावं काही सुचत नाही.

वाहांगीबाईंनी मला विचारलं, तुझ्या मागचे कोण? मी म्हटलं, वडील नाना, आजोबा बापूराव. पुढे? पुढे मी अडलो. त्यांना खरंच वाईट वाटलं गं, मी अनाथ असल्यासारखं त्या बघत होत्या. पणजोबांचं नाव काय होतं?

निशांत


बोरगाव मेघे
१४ जुलै २०२४

निशांत,

पणजोबांचं नाव नत्थू. पणजीचं सीताबाई, ते तुला विचारावंसंही वाटलं नाही. अडतीस वर्षांचा घोडा, आणि स्वतःच्या पणजोबाचं नाव परक्या बाईमुळे माहीत झालं. लिहून ठेव, पुन्हा विचारशील.

काल तुझा तो अश्वजित आला होता, हिंगणघाटचा, तुझ्याच गिरणीतला. रजेवर आलाय, पंचवीसला परत निघतो. पोहे केले, दोनदा घेतले त्याने. त्याच्याजवळ एक कापड दिलंय.

कुठलं ते सांगते. नाना शाळेतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी चरखा घेऊन बसायचे, तुला माहीतच आहे. त्या सुताचं त्यांनी दोन वेळा कापड विणून घेतलं. एक त्यांच्या अंगावर घातलं, त्यांच्याबरोबर गेलं. दुसरं मी कपाटात कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलं होतं. तेच पाठवतेय.

मला मोठ्या मनाची समजू नको. काल रात्रभर तळमळले आणि मग ठरवलं. त्या समारंभात सगळे रेशीम घेऊन येतील आणि माझा भाऊ बाजारातलं ब्लँकेट घेऊन उभा राहील, हे मला सहन होईना. त्या म्हातारीला कळू दे, या मुलाच्याही मागे माणसं आहेत, आणि ती हाताने सूत काढणारी होती. तिने ते अंगावर घेतलं की प्रत्येक वेळी तिला नानांची आठवण काढावी लागेल. मी अशी दुष्ट आहे.

अश्वजितने कापड हातात घेऊन ताणून पाहिलं. म्हणाला, "ताई, हे आजीले एकदम पसंत येईन. मजबूत हाय. पाच-सात वर्सं आरामात टिकते." मी म्हटलं, "रोज धुतलं तर नाई टिकणार बापा." तर तो माझ्याकडे बघतच राहिला. भला मुलगा आहे, पण जरा मठ्ठ.

त्यांना नीट गुंडाळ. खुर्चीत बसवून एक फोटो काढून पाठव. बघू दे मला एकदा, कोण आहे ही.

आणि नोव्हेंबरचं एका ओळीतलं उत्तर अजून आलेलं नाही.

ताई


आंत्सिराबे
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

कापड मिळालं तेव्हा मी अश्वजितसमोरच रडलो. तू न सांगता सगळं समजलीस. मला वाटलं होतं तू म्हणशील, हे कसले अघोरी लोक, त्यांच्या नादी लागू नको. आणि तू नानांच्या हातचं पाठवलंस. तू इतकी मोठी आहेस हे मला आजवर कळलं नव्हतं.

शनिवारी झालं सगळं. सविस्तर लिहितो, कारण तुझा त्यात वाटा आहे.

सकाळी आम्ही डोंगरावर गेलो, शे-सव्वाशे माणसं, पुढे ट्रम्पेट आणि ढोल. दगडी घराचं दार उघडलं. पायऱ्या उतरून चार जण आत गेले आणि आजींना चटईवर घेऊन बाहेर आले. अकरा वर्षांपूर्वी गेल्या त्या. जुनं कापड विरून गेलं होतं, आत फार काही उरलेलं नव्हतं गं, लहान मुलाएवढं ओझं. मला वाटलं होतं मी घाबरेन. कोणीच घाबरत नव्हतं, मग मीही विसरलो. वाहांगीबाईंनी त्यांना मांडीवर घेतलं आणि घरच्या बातम्या सांगायला लागल्या. कोणाला मुलगी झाली, कोण परीक्षेत नापास झालं, तांदूळ काय भावाने मिळतो. मध्ये हसत होत्या, मध्ये डोळे पुसत होत्या. ज्यांचं चर्चमध्ये जाणं आहे तेही होते, म्हणाले, ते ते आणि हे हे.

इकडे कोणी 'मेली' म्हणत नाही. आजींना थंडी वाजते, म्हणजे त्या वाहांगीबाईंच्या स्वप्नात येऊन तसं म्हणाल्या. मलाही आता तशीच बोलायची सवय लागलीय.

दर पाच-सात वर्षांनी असं बाहेर आणून नवं कापड घालतात. मग एकावर एक रेशमी कापडं गुंडाळली आणि सगळ्यात वरून नानांचं. पांढरं स्वच्छ. वाहांगीबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, हे कोणी कातलं? मी सांगितलं. त्यांनी आजींना सांगितलं, नाना नावाच्या माणसाने तुझ्यासाठी कातलंय, तुमची तिकडे भेट झाली तर ओळख दे.

मग उचललं. नाचत नाचत थडग्याभोवती फेऱ्या घालतात. मला म्हणाले, तूही खांदा दे. दिला. कापड गालाला लागत होतं. कडुनिंबाचा वास येत होता. मी तोंड खुपसून म्हटलं, नाना, उशीर झाला मला.

फोटो जोडलाय. पांढऱ्या कापडाखाली डावीकडे मी आहे.

तुझा निशांत


बोरगाव मेघे
२७ ऑगस्ट २०२४

निशांत,

ती मेलेली आहे?

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. आधी फोटो पाहिला, वाटलं गालिचा उचलून नेताय. मग वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन डोक्यावर पाणी घेतलं. शेजारच्या टेबलावरची छाया विचारत होती, "काय झालं वं ताई, कोणी गेलं का?" मी काय सांगणार? अकरा वर्षांपूर्वी गेली, मला आज कळलं!

मी काही समजले नव्हते. मी जिवंत म्हातारीला कापड पाठवलं होतं. थंडी वाजते म्हणालास, पहिला घोट घेते म्हणालास, वेगळं घर आहे म्हणालास. मेलेल्या माणसाबद्दल कोणी असं लिहितं? आणि तो अश्वजित, पाच-सात वर्षं टिकतं म्हणाला! मठ्ठ तो नव्हता, मी होते.

नानांच्या हातचं शेवटचं सूत होतं ते. माझ्याकडे दुसरं काही नाही. ते आता पृथ्वीच्या त्या टोकाला एका परक्या बाईच्या हाडांवर आहे आणि दार लावून घेतलंय.

तुला वाटेल, विटाळाचा राग आहे. तो नाही. खरं सांगू? त्या बाईचा मत्सर वाटतोय मला, आणि त्या वाहांगीचा तर त्याहून जास्त. अकरा वर्षांनी तिने आजीला मांडीवर घेतलं. मला काय मिळालं? पवनारला धाम नदीच्या काठावर एक मडकं रिकामं केलं, अर्धं मिनिटही लागलं नाही. मागे वळून पाहू नका म्हणाले. नाही पाहिलं मी. राख कुठल्या कुठे गेली असेल. मला आज तांदळाचा भाव सांगायचा असेल तर कोणाला सांगू? भिंतीवरच्या फोटोला? फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघतायत, माझ्याकडे नाही.

आणि तुझा खांदा. बापाला दिला नाहीस तो त्या बाईला दिलास, वर नाचलास. बापासाठी रजा नव्हती. समारंभासाठी बरी मिळाली.

नोव्हेंबरचं कळवू नको आता. माझं मी करीन, आजवर केलं तसं.

शरयू


आंत्सिराबे
१५ सप्टेंबर २०२४

ताई,

शरयू म्हणून सही केलीस.

चूक माझी. तू समजलीस असं मला हवं होतं, म्हणून तसं धरून चाललो. वाहांगीबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बहिणीला हवं असेल तर दार पुन्हा उघडू, वडीलधाऱ्यांना विचारावं लागेल पण उघडू. त्यांनी हे किती जड मनाने म्हटलं असेल ते तुला नाही कळणार. सांग, उघडायचं का?

आता रजेचं. रजा मिळाली होती.

मागच्या वर्षी तेवीस नोव्हेंबरला संध्याकाळी मी स्वतःच फोन केला होता, कारण तुझा चार दिवस फोन नव्हता. तू म्हणालीस, नानांना दवाखान्यात ठेवलंय, साधा कफ आहे. तुझा आवाज वेगळा होता. मी त्याच रात्री मॅनेजरच्या घरी जाऊन रजा घेतली, तिकीट काढलं. चोवीसला सकाळी बॅग घेऊन इथल्या राजधानीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. पाच तासांचा रस्ता. अर्ध्यावर होतो तेव्हा तुझा फोन आला, नाना गेले. मी निघालोय म्हणणार तेवढ्यात लाइन गेली. डोंगरातला रस्ता, रेंज येते-जाते. विमानतळावर पोचलो तेव्हा पुन्हा लागला. तू म्हणालीस, "आटोपलं रे सगळं."

आटोपलं. भांडी घासून पालथी घातल्यावर म्हणतात तसं.

मी दोन तास विमानतळावर बसलो आणि परत फिरलो. येऊन काय करणार होतो? अग्नी देऊन झाला होता, राख तू सावडणार होतीस, नानांचं सगळं तूच तर केलंस. तुला मत्सर वाटतो म्हणतेस. मला लहानपणापासून वाटतोय. 'शरूच्या हातचा चहा', 'शरूले विचारा', 'शरू हाय म्हणून मी हाय'. मी दारातला पाहुणा. त्या दिवशी वाटलं, पाहुण्याशिवायही पार पडलं. म्हणून तुला रजा नव्हती असं सांगितलं. खोटं बोललो.

एक विचारतो आणि थांबतो. तू म्हणाली होतीस, शेवटी नानांना शुद्ध नव्हती. तरी, एकदा तरी माझं नाव घेतलं का त्यांनी? नसेल घेतलं तर नाही म्हण. मला ते चालेल.

निशांत


बोरगाव मेघे
२ ऑक्टोबर २०२४

निशांत,

आज सर्वपित्री. सकाळी पान वाढून झालं. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी. सगळं उरकल्यावर फोटोसमोर पाट घेऊन बसले. म्हटलं, तुझी ती वाहांगी बोलते तर मीही बोलून बघते. नाना, असं म्हटलं आणि पुढे शब्दच येईना. तासभर बसले. पुढचं वाक्य कुठलं ते मला माहीत होतं, म्हणूनच येत नव्हतं. ते आधी तुला सांगायला हवं.

नानांना शुद्ध होती.

एकवीसला दवाखान्यात नेलं. बावीसला सकाळी डोळे उघडले आणि म्हणाले, "शरू, निशांतले बलाव." मी म्हटलं, बलावते. दुपारी पुन्हा, "बलावलं का वं? निंघाला का थो?" मी म्हटलं, "निंघाला, नाना. येऊन राह्यला." तेव्हा मी तुला फोनच केला नव्हता. तेवीसलाही दिवसभर तेच. मी चमच्याने पाणी पाजत होते, पाय चेपत होते, आणि ते दाराकडे बघत होते. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी त्यांच्या पलंगापासून चार हातांवर उभी होते. साधा कफ आहे, असं मी म्हणाले.

का, ते सांगते, पण हे कारण आहे, सबब नाही. अकरा वर्षं मी त्यांना आंघोळ घातली. आलेली स्थळं परत केली. बदली नाकारली. आणि शेवटच्या दोन दिवसांत त्यांच्या तोंडात एकच नाव होतं, आणि ते माझं नव्हतं. मला हाक मारायचे ती तुला बोलावण्यासाठी. मला वाटलं, तू दारात दिसलास की मी त्या खोलीतून पुसली जाईन. म्हटलं, अजून एक दिवस माझे राहू देत, उद्या करते फोन. उद्या ते गेले.

लोक म्हणाले, मुलासाठी थांबा, दोन दिवस ठेवता येतं. मी सगळ्यांना सांगितलं, त्याला रजा नाही. हे मी सांगितलं, निशांत, तुला न विचारता. तुला तोंड दाखवायचा धीर नव्हता, म्हणून चार वाजता सगळं उरकून घेतलं. मग आठ दिवसांनी तूच म्हणालास, रजा नव्हती. मला वाटलं, देवाने झाकलं माझं. वर्षभर तेच पांघरून होते, आणि वर तुलाच बोल लावत होते.

तू विचारलंस एकदा तरी घेतलं का. मी मोजलं नाही. ते थांबतच नव्हते.

दार उघडायला सांगू नको त्या लोकांना. राहू दे ते कापड तिथेच. त्यावर माझा हक्क उरलेला नाही.

तेराला ये म्हणायचाही मला हक्क नाही. म्हणत नाही.

शरयू


आंत्सिराबे
२० ऑक्टोबर २०२४

ताई,

अठरा दिवस काही लिहिलं नाही. लिहायला बसलो की जे लिहिलं जायचं ते पाठवण्यासारखं नव्हतं.

माफ केलं असं म्हणणार नाही. खोटं आपण दोघांनी भरपूर बोलून झालंय. मला राग आहे, आणि तो कधी जाईल ते मला माहीत नाही. राग इतका आहे की परवा चालू यंत्राशेजारी उभा असताना अश्वजितने दंड धरून मागे ओढलं. आणि तरी काल दुपारी कामात असताना एकदम लक्षात आलं, ते मला बोलावत होते. दोन दिवस. मी पाहुणा नव्हतो. हे मला तुझ्याशिवाय कोणीच सांगू शकलं नसतं, आणि तू सांगितलं नसतंस तर मी तसाच मेलो असतो. त्यामुळे रागाचं काय करावं ते कळत नाही.

बाराला सकाळी नागपूरला उतरतो, दुपारपर्यंत घरी. तेराचं श्राद्ध दोघं मिळून करू. पाणी मी एकटा देणार नाही, तूही माझ्या हाताला हात लाव. गुरुजी काय म्हणतील ते म्हणोत.

एक अट आहे. आल्या आल्या चहा टाकू नको, रडू नको, पाया पडू देऊ नको. मी दाराबाहेर उभा राहीन. तू आत नानांच्या खोलीत जा आणि ते जसे म्हणत होते तसं, त्यांच्या आवाजात, मला बोलाव. तो आवाज फक्त तू ऐकलाय. लाजू नको, शेजारी काय म्हणतील ते बघू नको. निंघाला का थो, असं विचार.

मला आत येऊन 'आलो, नाना' म्हणायचंय.

निशांत